अज्जी हो म्हणाली तर

— असू देत गं, चपला जिथे काढल्यास तिथेच राहू देत, बाजूला सरकवू नकोस. तो येऊन ओळीत लावेल, मोठ्या आधी, धाकट्या मागून, आणि मध्ये कुणी हलवल्या की भिंतीवर डोकं आपटत बसेल. ये, पंख्याखाली बैस. कॉफी स्वल्प घे, अर्धा पेला, पहिल्यांदा आलेल्या घरी नको म्हणू नये. काल फोनवर तूच होतीस होय — मला वाटलं चांगली पोक्त बाई असेल, आवाज तसा लावला होतास, 'मुलाच्या आजींशीच बोलायचंय'. मी म्हटलं बोला, मीच वसुमतीबाई. आणि आता बघते तर हातात हिरवा चुडा, मेंदी अजून नखांवरून उतरलेली नाही. म्हणजे नवऱ्याच्या डब्यात कुठली भाजी द्यायची ते अजून ठरायचंय, आणि तू आलीस आमचं पोर सुधारायला. अहोजाहो नाही करवत मला, लेकीपेक्षा लहान तू. नाव काय म्हणालीस? आश्लेषा. हं. नक्षत्रावरून ठेवलंय का? नाही, आमच्याकडे म्हणतात, ते नक्षत्र सासूला चांगलं नसतं. आहे ना सासू? नागपूरलाच असते? बरी असते ना तब्येत? — सहज विचारलं गं. कॉफी घे.

शाल्मली, सून माझी, घरात नाही. तिला तू चारची वेळ दिली होतीस ना, ती चारला येईल, अर्धी रजा टाकलीय तिनं. मीच तुला फोनवर म्हटलं की अकराला ये, सूनबाई पण थांबणार आहे. थांबणार आहे असं म्हटलं मी, तिला सांगितलंय असं कुठे म्हटलं? चेहरा पाडू नकोस, तुला माझ्याशीच बोलायचं होतं ना, मग ती कशाला हवी मध्ये. तुमच्या सेंटरचा नियम मला पाठ आहे, तिनं जेवताखाता ऐकवलाय — पोराबरोबर घरचं एक मोठं माणूस रोज तिथे बसलं पाहिजे, वर्षभर, तुम्ही पोराला जे शिकवाल ते त्या माणसानंही शिकायचं आणि घरी येऊन तेच करायचं. असं माणूस असेल तर जागा, नाही तर जागा पुढच्या पोराला. रघुनंदन, म्हणजे माझा मुलगा, त्याला इलेक्ट्रॉनिक सिटीत श्वास घ्यायला फुरसत नाही, शाल्मलीची कंपनी तिला सोडत नाही, उरली कोण? म्हातारी. म्हणून तू आज मला बघायला आलीस. मुलगी बघायला येतात तशी. चालून दाखवू का? पोहे नाहीत केलेले, एवढंच.

तो तिकडे आहे, जेवणाच्या टेबलाखाली. झाकण फिरवतोय, ऐकू येतंय ना? स्टीलच्या डब्याचं झाकण, तेच लागतं, दुसरं दिलं तर ओळखतो. लाल कोब्याची जमीन आहे आमची, गार लागते, तिच्यावर गाल टेकून तो ते फिरताना बघत राहतो. हाक मारू नकोस, यायचा नाही. नावाला ओ देत नाही — असं तुमच्या त्या पहिल्या डॉक्टरणीनं लिहून दिलं आणि सगळं तिथून सुरू झालं. मी म्हटलं, कुठल्या नावाला? ह्याचं नाव श्रीवत्स, बारशाला मी कानात सांगितलेलं. आणि शाल्मलीला ठेवायचं होतं अद्वैत. आम्ही माध्व गं, आश्लेषा. आमचे पूर्वज शेकडो वर्षं इथे बसून द्वैत शिकवत आले, त्या घरात पाळण्याला अद्वैत? आमच्या पुरोहितांनी, भीमाचार्यांनी, तर पंचांग मिटून ठेवलं, म्हणाले, सूनबाईंना ठाऊक नसेल. ठाऊक होतं तिला. पुण्याची आहे, सगळं ठाऊक असतं. मग ती खोलीत नेऊन त्याला अद्वैत म्हणायची आणि मी बाहेर श्रीवत्स म्हणायची, आणि पोर दोन्ही नावांना बघायचं नाही — मला वाटायचं तिच्या नावाला बघत नाही हे बरंच आहे, तिला वाटत असेल माझ्या नावाला बघत नाही ते बरं. असं दोन वर्षं चाललं. दोघी आपापल्या जागी खूश. मग कुणीतरी टाळी वाजवून बघितलं, ताट आपटून बघितलं, कान तपासले, कान लख्ख. तेव्हा तो शब्द आला घरात, ऑटिझम.

मग ही निघाली शोधायला. काय नाही शोधलं? मारतहळ्ळीला एक होतं, रंगीत चेंडूंच्या हौदात बसवायचे, तिथे ह्यानं एका पोराला चावलं. एक होतं जिथे घोड्यावर बसवतात. एक बाई घरी यायची, चांगली होती, तिचं लग्न ठरलं आणि गेली, दुसरी आली, तिचंही ठरलं — तुमच्या धंद्यात हे एक आहेच, पोराला हात लागतो तोवर शिकवणारीच्या हाताला मेंदी. मग आयांचा तो मोबाइलवरचा ग्रुप, रात्रंदिवस टिंग टिंग, कुणी म्हणालं दूध बंद करा, गहू बंद करा, की हिनं बंद केलं. दही बंद. ह्या घरात जन्मलेल्या पोराला दहीभात नाही. मी काही बोलले नाही. दुपारी देत होते. मी पण माझ्या परीनं केलं की, वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावलं, त्यानं वाचा सुटते, ते कळल्यावर तिनं ती सहाण उचलून बागेत फेकली. माझ्या सासूची सहाण.

आणि मग तो भाषेचा नियम. तुमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं तिला — घरात कन्नड, मराठी, इंग्लिश, तीन भाषा चालतात, पोर गोंधळतंय, एकच ठेवा. आता एकच ठेवायची तर कुठली? सांग ना. तू बोलतेस ती, मी बोलते ती, त्याच्या आईची आई बोलते ती? छे. इंग्लिश. कारण पुढे थेरपी त्यात, शाळा त्यात. जेवायला बसलो होतो आणि ही म्हणाली, 'अत्ते, आजपासून अद्वैतशी फक्त इंग्लिशमध्ये बोलायचं, आणि तुम्हाला जमत नसेल तर प्लीज, त्याच्यासमोर कमी बोला.' अत्ते म्हणते ती मला, रघूनं शिकवलं, कन्नडमध्ये सासूला तेच म्हणतात — आणि तेवढंच कन्नड तिला येतं. मी रघूकडे बघितलं. तो ताटातला सारु, म्हणजे आमचं सार, बोटानं पुसत होता. मला माझ्या घरात मुकी केली गं, आणि मुलगा सारु पुसत होता. मी काय बोलणार इंग्लिशमध्ये? कम. सिट. गुड बॉय. शेजारचे पद्मनाभ त्यांच्या कुत्र्याशी बोलतात तेवढं मला येतं. मग मी गप्प झाले. त्यांच्यासमोर.

आता बघ, मागच्या आठवड्यात तुमच्याकडून निरोप आला की जागा निघालीय, घरचं माणूस ठरवा. त्या संध्याकाळी शाल्मली स्वयंपाकघरात आली. मी मडीत होते, ओलं नेसून देवाचं करत होते, तेव्हा मला कुणी शिवत नाही, तिला माहीत आहे. ती उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली. ऑफिसच्या कपड्यात, गळ्यात तो पट्टा तसाच. दिवाळीला नमस्कार करताना हिची कंबर दुखते. आणि बसली, आणि कन्नडमध्ये म्हणाली — कुठून पाठ करून आली होती कोण जाणे — 'अत्ते, दयविट्टु बन्नि.' कृपा करून या, असं. जी भाषा पोराच्या कानावर पडू द्यायची नाही, त्या भाषेत. डोळे भरलेले. मी काय केलं असेल? मी तिचा उच्चार नीट करून घेतला. 'ट' वर जोर हवा, म्हटलं, पुन्हा म्हण. तिनं पुन्हा म्हटलं. अजून नाही जमला, म्हटलं, पुन्हा. म्हणाली. मग मी म्हटलं, सरी, येते. हो म्हणायला काय जातं? तिनं माझे पाय धरायला हात पुढे केले, मी म्हटलं मडीत आहे, शिवू नकोस.

अशी काय बघतेस? तू विचारलंस म्हणून सांगतेय. विचारलं नाहीस? बरं, नाही विचारलंस.

तर माझं उत्तर तुला आता कळलं असेलच. मी येत नाही. ऐक ना, जागा मिळाली की काय होणार आहे — ह्याला घेऊन इथून, बसवनगुडीतून, रोज तिकडे जाणं होत नाही, हॉर्न वाजला की रिक्षातून उडी मारतो, म्हणून सर्जापूर रोडला तुमच्या सेंटरला लागून भाड्यानं फ्लॅट. ठरवूनही ठेवलाय, मला दाखवायला नेलं होतं, अकरावा मजला. ह्या घराला कुलूप. मला एक खोली आहे, खिडकीतून दुसऱ्या कुणाची तरी खिडकी दिसते. देव कुठे? कपाटात. 'कपाटात लाइटचा दिवा बसवून घेऊ, अत्ते, धूर नको, अद्वैतला वासाचा त्रास होतो.' म्हणजे घर सोडायचं मी, देव कपाटात कोंबायचे मी, रोज तिथे जाऊन तुझ्यासारख्या पोरींसमोर मांडी घालून ठोकळे रचायचे मी, आणि पोर सुधारलं की 'आमच्या अद्वैतनं' असं सांगायचं कुणी? तिनं. आई आहे ना ती? सोडू दे नोकरी. मी सोडली नसती?

आणि एवढं करून उपयोग काय, ते सांग. मी रोज बघते ना त्याला, तुम्ही तासभर बघता, मी सकाळपासून बघते. मडीत असले तरी येऊन चिकटतो, त्याला मी हाकलत नाही, त्याला मडी लागत नाही, लहान आहे, देवाला कळतं. भूक लागली की माझा पदर ओढून ताटापाशी नेतो. सारभात कालवते, त्याला गुठळी चालत नाही, मोहरी दिसलेली चालत नाही, ती मी वेचून काढते. ही रात्री त्याला भरवते ते बघ — समोर पडद्यावर चित्रं, हातात चमचा, 'मोअर? मोअर?' आणि बोटांची टोकं एकमेकांवर आपटून दाखवते, खुणा म्हणे. पोर छताकडे बघतं. आणि माझ्याकडे? मी विचारते, आणखी घालू? तो ताटावर आडवा हात धरतो, साकु म्हणतो, झालं, मी डाव खाली ठेवते, ह्यात शिकवण्यासारखं काय आहे, सेंटर कशाला हवं ह्या—

पेला का ठेवलास? गार झाली का? दे, गरम करते.

काय म्हणाले मी? काही नाही म्हणाले. ताटावर हात धरतो म्हणाले, पंक्तीत धरतात तसा. माझ्या माहेरी पानावर असा हात आडवा आला की वाढणारा पुढे सरकायचा, हात दिसल्यावर एक शीत वाढलं तर जेवणाऱ्याचा अपमान असतो. ते बघून शिकला असेल. — नाही गं, तोंडानं म्हणतो असं नाही, तसं बोलायची एक पद्धत असते. तुम्ही लोक एकेक शब्द धरून बसता.

बरं, म्हणतो. मग? साकु म्हणजे पुरे, नागपूरकडे नसतं तुमच्या. म्हणतो तो. दसऱ्यापासून म्हणतोय. आधी मला वाटलं ढेकर दिला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, हात ठेवला आणि साकु. स्वच्छ, रघूपेक्षा स्वच्छ. घोडे नाहीत, चेंडू नाहीत, वेखंड नाही — माझ्या ताटाशी, माझ्या भाषेत, जी बोलायची नाही म्हणून सांगितलं होतं. दुपारी घरात कोण असतं ऐकायला? मी असते.

तिला? नाही सांगितलं. रघूलाही नाही. का सांगू? रोज संध्याकाळी येते, दारातच, एक चप्पल पायात, एक हातात — 'अत्ते, आज काही? काही आवाज तरी?' मी म्हणते, नाही गं, आज पण नाही. मग आत जाऊन ती न्हाणीघरात नळ सोडते. नळ सोडला की रडणं बाहेर येत नाही असं तिला वाटतं. ह्या घराच्या भिंती मला माहीत आहेत, तिला नाहीत. मी इथे बसून ऐकते, तू बसली आहेस ना, ह्याच खुर्चीत. बरं वाटतं का? — तुला काय वाटतं? माझी सहाण बागेत पडलीय, अजून तिथेच आहे. आणि तू आता उठून तिला जाऊन सांगणार असशील तर एक लक्षात ठेव, तिच्यासमोर त्याचं तोंड उघडत नाही. माझ्यासमोरच उघडतं. तिला ते सांगशील? सांग, सोसत असेल तिला तर.

खोटं वाटतंय ना तुला. म्हातारी बढाया मारते. थांब, त्याच्या जेवणाची वेळ झालीच आहे. थांब म्हटलं ना, आता ऐकूनच जा, तुमच्या पुस्तकात घाला. वत्सा, ये रे. ये, राजा, अज्जीकडे ये. — आला बघ. नावाला ओ देत नाही म्हणे. बैस. ती पाहुणी आहे, तिच्याकडे बघू नकोस, तिच्या बांगड्यांकडे बघू नकोस, ताटाकडे बघ. हा भात, हा सारु. गुठळी नाही. खा. — बघितलंस कसा खातो, घास सांडत नाही. आता बघ हं. वत्सा, आणखी घालू?

म्हण ना.

थोडा बिचकलाय, नवीन माणूस आहे घरात. तू स्वल्प मागे सरक. आणखी घालू का रे? बरं, घातला. आता? हं, धरला बघ हात, बघितलंस, आडवा हात. आता म्हणेल. म्हण, वत्सा. — हात नको, तोंडानं म्हण. रोज म्हणतोस ना, कालही म्हणालास. सा— म्हण. नाही? मग हा घे आणखी एक डाव. म्हणत नाहीस तोवर वाढणार मी. हात काढ. काढ रे. पाहुणीसमोर अज्जीला खोटं पाडतोस? तुझ्या आईसारखा वागतोस? काढत नाहीस तर हातावर घे. हा घे. — ओरडू दे गं, ओरडला की मग बोलतो. नाही पोळत, सारु केव्हाच उतरलाय. तुला काय कळतंय, तू बाजूला हो. हा आणखी एक. म्हण. एकदा म्हण, एकदाच, साकु, सा—

मनगट सोड माझं.

सोड. माझ्या घरात माझा हात धरतेस?

हं. बरं केलंस सोडलंस. तांबडं झालंय, एवढंच, मी खोबरेल लावीन. तू फडकं लावू नकोस, त्याला ओलं फडकं सोसत नाही — बघ, पळाला. टेबलाखाली. आता तासभर झाकण फिरणार. ऐकलंस ना मग? नाही ऐकलंस. काही बोलला का तो? नाही बोलला. मग तू आता कशाची साक्ष देणार? चारला ती येईल, मी सांगेन, आली होती तुझी बाई लवकर, पोराला जवळून बघितलं, म्हणाली ह्याच्यात काही होण्यासारखं नाही, जागा फुकट जाईल. आणि तू सांगशील की तुझा मुलगा बोलतो. ती आनंदानं वेडी होईल, आज रात्री ताट घेऊन त्याच्यासमोर बसेल, आणि तो छताकडे बघेल. उद्या बसेल. परवा बसेल. मग ती कुणाला शिव्या देईल, मला की तुला?

हातावर वाढलं तेही सांग. सांग ना. रघू आठ दिवस बोलायचा नाही माझ्याशी, एरवी तरी काय बोलतो? पण मग जागेचं काय? नियम तुमचा. घरचं माणूस हवं, ते माणूस मी, आणि मी येत नाही. तुझ्या मोठ्या मॅडमना म्हणावं अज्जी नाही म्हणाली. पुढच्या पोराला देऊन टाका, त्याची आजी गुणाची असेल, अकराव्या मजल्यावर राहील.

रडतेस काय, तुझं आहे का ते. तुला होईल तेव्हा बघू.

ऊठ. बारा वाजून गेले, अजून माझे देव उपाशी आहेत, आणि हे ताट बघ, अर्धं पण नाही खाल्लं त्यानं. रोज दोनदा घेतो. तू आलीस म्हणून पोर आज भुकेलं राहिलं. दार बाहेरून ओढून घे, आणि चपला एकदम उचलू नकोस, त्यानं ओळीत लावल्या असतील, तो बघत नसेल तेव्हा हळूच काढ.

जा.